पवित्रा ज्याचा त्याचा, क्षण सर्वांचा

बेसबॉलचे मैदान पाहावे तर प्रत्येक फलंदाज निराळ्या ढंगाने उभा असतो. तरीही चेंडूवर बॅट येण्याच्या क्षणी सारे थोर फलंदाज जवळजवळ एकसारखेच दिसतात. या दोन अवस्थांमध्ये जेमतेम अर्ध्या सेकंदाचे अंतर असते. त्या अंतरात काय घडते, आणि एखाद्या मुलाचा पवित्रा बदलण्यापूर्वी प्रशिक्षकाने नेमके काय पाहावे, याचा हा उलगडा.

जपानमधील कोबे शहराच्या ओरिक्स ब्लूवेव्ह या व्यावसायिक संघात १९९३ साली एकोणीस वर्षांचा एक सडपातळ डावखुरा फलंदाज होता. पिचरने चेंडू टाकण्यासाठी हात उचलला की तो आपला उजवा पाय घड्याळाच्या लंबकासारखा आत झुलवत असे आणि मग सारे अंग पुढे झोकून चेंडूला सामोरा जात असे. वजन मागच्या पायावर राखून ठेवावे, ही बेसबॉलची बाळकडूसारखी पाजली जाणारी शिकवण. हा मुलगा तिच्या अगदी उलट वागत होता. त्यामुळे वरिष्ठ संघाच्या तत्कालीन व्यवस्थापनाच्या मनात त्याची ही ढब भरली नाही आणि त्या वर्षाचा मोठा काळ त्याला दुसऱ्या संघातच काढावा लागला. तेथील फलंदाजी प्रशिक्षक केनइचिरो कावामुरा यांच्या देखरेखीखाली मात्र तो आपली लंबकाची लय घोटवत राहिला.

१९९४ मध्ये अकिरा ओगी यांनी संघाची सूत्रे हाती घेतली. त्यांनी या मुलाला संघात कायम केले आणि त्याच्या पायाला हात लावला नाही. त्या हंगामात त्याने १३० सामन्यांत २१० हिट फटकावले. जपानी बेसबॉलमध्ये एका हंगामात २०० हिटचा टप्पा तोवर कोणीही ओलांडला नव्हता. १९५० सालचा १९१ हिटचा विक्रम चव्वेचाळीस वर्षे अबाधित होता. हा फलंदाज म्हणजे इचिरो सुझुकी. पुढे २००४ मध्ये अमेरिकेतील सिएटल मरिनर्सकडून खेळताना त्याने एका हंगामात २६२ हिट नोंदवून जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा २५७ हिटचा विक्रमही मागे टाकला.

इचिरोची कथा सांगताना बहुधा त्याच्या जिद्दीचे गोडवे गायले जातात. त्या कथेत दडलेला तांत्रिक प्रश्न मात्र अधिक महत्त्वाचा आहे. ज्या पवित्र्यात काहींना दोष दिसला, त्याच पवित्र्यात ओगींना दोष का दिसला नाही? उभे राहण्याची ढब आणि फटक्याचे तंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी काळाचा हिशेब मांडावा लागतो.

चार दशांश सेकंदाचा संसार

पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो तेथून होमप्लेटपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर असते. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी २०.१२ मीटर. परंतु पिचर लांब ढांग टाकून चेंडू सोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात चेंडूला सुमारे ५५ फूटच कापायचे असतात. ताशी १५३ किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदात संपवतो. क्रिकेटमध्ये टप्पा पडल्यावर चेंडूचा वेग मंदावतो. येथे टप्पाच नाही.

या ०.४ सेकंदांपैकी सुमारे ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच खर्ची पडतात. चेंडू हातातून सुटलेला डोळ्यांना जाणवून मेंदूपर्यंत वर्दी जाण्यातही काही काळ जातो. उरलेल्या निमिषात चेंडू वेगवान आहे की वळणारा, आत येतो आहे की बाहेर जातो आहे, खेळावा की सोडावा, याचा निर्णय घ्यायचा असतो. एकदा बॅट वेगात आली की ती थोपवणे वा वळवणे जवळजवळ अशक्य. थोडक्यात, चेंडू अर्ध्या वाटेवर असतानाच फलंदाजाला आपला कौल द्यावा लागतो.

त्यात बॅट गोल. तिचा सर्वांत जाड भाग नियमानुसार २.६१ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ६.६ सेंटिमीटरपेक्षा जाड असू शकत नाही. क्रिकेटची बॅट सव्वाचार इंच रुंद आणि सपाट. गोल बॅट आणि गोल चेंडू यांची गाठ सेकंदाच्या जेमतेम एक सहस्रांश भागापुरती पडते. बॅट चेंडूच्या मध्यापासून थोडी अधिक खाली लागली तर तो आकाशात उंच उडून सोपा झेल होतो, वर लागली तर जमिनीवर आपटतो. काही सहस्रांश सेकंदांची घाई वा उशीर झाला तर उत्तम बसलेला फटकाही ९० अंशांच्या वैध कक्षेबाहेर जातो. दहा प्रयत्नांत तीन हिट मिळवणारा, म्हणजे .३०० सरासरी राखणारा फलंदाज या खेळात मातब्बर ठरतो, तो यामुळेच. अमेरिकेच्या प्रमुख लीगमध्ये पूर्ण हंगामात .४०० चा टप्पा शेवटचा ओलांडला तो टेड विल्यम्सने, १९४१ साली .४०६ सरासरीसह. त्यानंतर आजवर ते कोणालाही साधलेले नाही.

पवित्रा म्हणजे नेमके काय?

तालमीत पहिलवान पवित्रा घेतो तो समोरच्याला भिवविण्यासाठी नव्हे, तर कोणत्याही दिशेला सहज हलता यावे म्हणून. बेसबॉलच्या फलंदाजाचा पवित्रा हा त्याच जातीचा. होमप्लेटच्या दोन्ही बाजूंना सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा चुन्याने आखलेला चौकोन असतो. उजव्या हाताचा फलंदाज एका बाजूच्या, तर डावखुरा दुसऱ्या बाजूच्या चौकोनात उभा राहतो. त्या चोवीस चौरस फुटांत कोठे व कसे उभे राहावे, यावर कोणतीही सक्ती नाही. मागच्या रेषेला चिकटून उभे राहिले तर चेंडू पाहण्यास किंचित अधिक वेळ मिळतो. पुढे सरकले तर वळणारा चेंडू पुरता वळण्याआधी गाठता येतो.

पायांच्या ठेवणीवरून पवित्र्याचे तीन प्रकार मानले जातात. दोन्ही पाय पिचरच्या दिशेने जाणाऱ्या एकाच रेषेत असले तर तो सरळ पवित्रा. पुढचा पाय होमप्लेटपासून दूर असला तर खुला पवित्रा. यात छाती थोडी पिचरकडे वळते आणि दोन्ही डोळ्यांनी त्याचा हात स्पष्ट दिसतो. पुढचा पाय होमप्लेटकडे सरकला तर बंद पवित्रा. यात शरीराला आधीच पीळ बसलेला असतो व बाहेरच्या चेंडूपर्यंत पोहोचणे सोपे जाते, पण अंगावर येणारा चेंडू अडचणीचा ठरतो. क्रिकेटरसिकांना शिवनारायण चंदरपॉलचा छाती उघडी ठेवणारा पवित्रा आठवत असेल. बेसबॉलमधील खुल्या पवित्र्याचा तो भाऊबंदच.

याखेरीज गुडघे किती वाकवावेत, पायांत अंतर किती असावे, हात कानाजवळ ठेवावेत की छातीसमोर, बॅट उभी धरावी की खांद्यावर आडवी, याची अगणित मिश्रणे होतात. सेंट लुइस कार्डिनल्सचा स्टॅन म्युझिअल पाठ जवळजवळ पिचरकडे वळवून, कोपऱ्याआडून कोणी डोकावून पाहावे तसा खांद्यावरून पाहत असे. त्याने कारकीर्दीत ३,६३० हिट मिळवले. त्यातील १,८१५ घरच्या मैदानावर आणि तितकेच, १,८१५, परक्या मैदानांवर. ह्यूस्टन ॲस्ट्रोजचा जेफ बॅगवेल खुर्चीविना बसल्यासारखा पाय फाकवून वाकत असे. रॉड कॅर्यू तर समोरच्या पिचरनुसार पवित्राच बदलत असे. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्याने सरासरीचे सात किताब पटकावले.

पकडीबाबत मात्र बरेचसे एकमत आहे. बॅट तळव्यात घट्ट आवळायची नाही, बोटांवर तोलायची. दोन्ही हातांची मधली पेरे साधारण एका रेषेत यावीत, जेणेकरून मनगटे मोकळी राहतील. मुठी आवळल्या की दंड ताठरतात आणि दंड ताठरले की बॅटचा वेग मरतो. पिचरची वाट पाहताना अनेक फलंदाज बॅट हलवत, बोटे सोडत-आवळत राहतात, ते उगाच नव्हे. गोठलेल्या अवस्थेतून हालचाल सुरू करण्यापेक्षा चालू लयीतून ती सुरू करणे सोपे असते.

पाय टेकतो तो क्षण

आता खरे तंत्र सुरू होते. पिचर हात मागे नेतो तेव्हा फलंदाजही वजन मागच्या पायावर घेतो आणि हात किंचित मागे नेतो. धनुष्याची दोरी ताणावी तशी ही तयारी. मग पुढचा पाय उचलून किंवा नुसता सरकवून तो पिचरच्या दिशेने टाकतो. हे पाऊल जमिनीला टेकते तो क्षण साऱ्या फलंदाजीचा कणा आहे.

चलचित्राची चौकट या क्षणी थांबवली तर म्युझिअल, बॅगवेल, कॅर्यू यांच्यातील फरक बहुतांश विरघळून गेलेले दिसतात. पुढचे पाऊल टेकलेले आहे. हात मागच्या खांद्याच्या उंचीवर, अजून मागेच आहेत. डोके दोन पायांच्या मध्ये स्थिर, डोळे सपाट. कंबर वळू लागली आहे, पण खांदे अद्याप मिटलेले आहेत. कोणी वाकून तेथे आलेला असतो, कोणी ताठ उभा राहून, कोणी पाय झुलवत. पोहोचतात मात्र सगळे एकाच ठिकाणी. गावाला अनेक वाटांनी येता येते, वेस एकच असते, तसा हा प्रकार.

कंबर आधी आणि खांदे मागाहून, या अंतरातच फटक्याची ताकद साठलेली असते. जमिनीचा जोर पायांतून कमरेत, कमरेतून धडात, धडातून दंडांत आणि शेवटी बॅटमध्ये उतरतो. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्याला देऊन स्वतः मंदावतो. गोफणीतला दगड असाच सुटतो. हात थांबतो तेव्हा दगड सुसाट जातो. पुढचा पाय टेकल्यावर गुडघा ताठ होत जातो, तोही याचसाठी. तो आडसरासारखा रोवला गेला की पुढे जाणारा जोर गोल फिरतो. पुढचा गुडघा लेचापेचा राहिला तर जोर जमिनीत मुरून जातो.

बॅटचा मार्गही येथेच ठरतो. नवखा फलंदाज हात लगेच लांबवतो आणि बॅट दूरच्या वर्तुळातून आणतो. त्यामुळे ती उशिरा पोहोचते. जाणता फलंदाज मागचे कोपर बरगड्यांजवळून आणतो, बॅट शरीरालगत फिरवतो आणि चेंडूजवळ आल्यावरच हात मोकळे सोडतो. आत येणारा चेंडू शरीरापुढे, लवकर गाठावा लागतो. बाहेरचा चेंडू होमप्लेटवर येऊ द्यावा लागतो. तंत्र तेच, पण गाठभेटीची जागा वेगळी. ती जागा साधण्यासाठी पाऊल वेळेवर टेकलेले असणे ही पहिली अट.

येथेच ओगी व इतर यांच्या नजरेतील फरक स्पष्ट होतो. इचिरोचे अंग पुढे जात असे हे खरे. पण त्याचे हात मागेच राहत आणि पाऊल वेळेवर टेकत असे. नियम मोडलेला दिसे तो पोशाखात; गाभ्यात तो मोडलेला नव्हता. पुढे अमेरिकेत गेल्यावर तेथील पिचर अधिक झपाट्याने चेंडू टाकतात हे ओळखून त्याने स्वतःच पायाचा झोका कमी केला. लय तीच ठेवली, आकार आटोपशीर केला.

असेच उदाहरण फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सच्या अल सिमन्सचे. उजव्या हाताचा हा फलंदाज चेंडू येताना पुढचा पाय सरळ न टाकता तिसऱ्या बेसच्या बाजूला टाकत असे. चेंडूला भिऊन पाय काढणाऱ्या पोरासोरांची ही सर्वांत जुनी खोड. पण सिमन्सचा पाय बाजूला गेला तरी त्याचे खांदे आणि हात चेंडूच्या रेषेतच राहत. व्यवस्थापक कॉनी मॅक यांनी ती ढब बदलू दिली नाही. सिमन्सने २,९२७ हिट आणि .३३४ ची सरासरी गाठली.

एका पायावरचे तप

मग पवित्रा कधी बदलूच नये काय? तसे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. याचे सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा जपानचेच आहे.

सदाहारू ओह १९५९ साली टोकियोच्या योमिउरी जायंट्स संघात आला. पहिल्या हंगामात त्याची सरासरी .१६१ होती, ७ होमरन आणि ७२ वेळा तो चेंडू न लागता बाद झाला. त्याच्या हातांना एक खोड होती. फटका सुरू करण्यापूर्वी ते नकळत एक जादा हिसका घेत. त्यामुळे पाऊल टेकले तरी बॅट तयार नसे आणि वेगवान चेंडू निसटून जाई. दोष पवित्र्यात दिसत नव्हता, पण तो नेमका त्या निर्णायक क्षणावर घाव घालत होता.

१९६२ मध्ये प्रशिक्षक हिरोशी आराकावा यांनी त्यावर अजब उपाय योजला. पिचरची हालचाल सुरू होताच ओहने उजवा गुडघा कमरेइतका उचलायचा आणि केवळ डाव्या पायावर उभे राहायचे. एका पायावर तोल सांभाळणाऱ्या माणसाला हातांचे फाजील चाळे परवडत नाहीत. जरा हिसका घेतला की तोल जातो. शिवाय पाय वर असल्यामुळे तो कधी टेकायचा हे ठरवणे हातात राहते. १ जुलै १९६२ रोजी ओह प्रथमच सामन्यात एका पायावर उभा राहिला. त्या हंगामात त्याने ३८ होमरन मारले. तोल साधावा म्हणून त्याने ऐकिदो या युद्धकलेचे धडे घेतले आणि मनगटांसाठी टांगलेला कागद जपानी तलवारीने छेदण्याचा सराव केला. १९८० मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या खाती ८६८ होमरन जमा होते. अमेरिकेतील प्रमुख लीगचा बॅरी बॉन्ड्सचा विक्रम ७६२ चा आहे.

इचिरोचा पाय बदलला नाही म्हणून तो घडला. ओहचा बदलला म्हणून तो घडला. दोन्हीकडे निकष एकच होता, पाऊल टेकताना बॅट तयार आहे की नाही.

अलीकडचे होजे बॉटिस्ताचे उदाहरणही हेच सांगते. २००४ च्या एकाच हंगामात त्याच्यावर चार संघांतून खेळण्याची पाळी आली होती. २००९ पर्यंत एका हंगामात १६ पेक्षा अधिक होमरन त्याला कधीच मारता आले नव्हते. टोरांटो ब्लू जेजच्या प्रशिक्षकांनी २००९ मध्ये त्याला सांगितले ते इतकेच, की तयारी बरीच आधी सुरू कर. त्याने पाय लवकर आणि उंच उचलण्यास प्रारंभ केला. २०१० मध्ये त्याने ५४ होमरन मारले. मनगटे तीच, डोळे तेच; सुटण्याची वेळ तेवढी बदलली.

शास्त्र की कला?

फटक्याच्या मार्गाविषयी मात्र बेसबॉलमध्ये दोन घराणी नांदत आली आहेत. पहिल्याचा अध्वर्यू टेड विल्यम्स. होमप्लेटवरील ज्या काल्पनिक चौकटीतून गेलेला चेंडू वैध धरला जातो तिला स्ट्राइक झोन म्हणतात. विल्यम्सने आपल्या ग्रंथात या चौकटीत रुंदीला ७ आणि उंचीला ११ असे ७७ चेंडू मांडून प्रत्येक जागी आपली सरासरी किती होईल याचा अंदाज दिला होता. मध्यभागी .४००, तर बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात .२३०. तात्पर्य, चेंडू निवडणे हाच तंत्राचा पहिला भाग. पिचर उंचवट्यावर असल्याने चेंडू उतरत येतो. म्हणून बॅट किंचित चढत्या मार्गाने न्यावी, म्हणजे दोघांचे मार्ग अधिक काळ जुळतात, असा त्याचा युक्तिवाद होता. ताकद यायची ती कमरेच्या फिरकीतून.

दुसरे घराणे प्रशिक्षक चार्ली लाऊ यांचे. वजन मागून पुढे वाहू द्यावे, डोके खाली राखावे, बॅट सपाट न्यावी आणि सारे मैदान वापरावे, ही त्यांची शिकवण. त्यांचा सर्वांत गाजलेला शिष्य कॅन्सस सिटी रॉयल्सचा जॉर्ज ब्रेट. १९८० मध्ये त्याची सरासरी.३९० होती. गंमत म्हणजे विल्यम्सने आपल्या पुस्तकाच्या नावात फलंदाजीला शास्त्र म्हटले, तर लाऊंनी आपल्या पुस्तकाच्या नावात कला.

आजचे प्रशिक्षक या भांडणात फारसे पडत नाहीत. वजन पुढे गेल्याविना पाय रोवला जात नाही आणि पाय रोवल्याविना कंबर फिरत नाही, हे चलचित्रांनी दाखवून दिले आहे. दोन्ही घराण्यांत बरेच वैर होते ते शब्दांचे.

क्रिकेटच्या अंगणातून पाहता

मराठी क्रीडारसिकाला हा सारा वाद ओळखीचा वाटावा. डॉन ब्रॅडमनची बॅट मागे सरळ न जाता स्लिपच्या दिशेने जात असे. क्रिकेटच्या पाठ्यपुस्तकांना ते मंजूर नव्हते. मुंबईच्या सचिन तेंडुलकरची पकड दांड्याच्या अगदी तळाशी होती. लहानपणी मोठ्या भावाची, वयाच्या मानाने मोठी बॅट हाती घेतल्याने ती सवय जडली. काही प्रशिक्षकांनी ती बदलून पाहण्यास सुचविले, त्याने तसा प्रयत्नही केला. पण ती सहज वाटली नाही आणि तो मूळ पकडीकडे परतला. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

दोन खेळांत भेद आहेत ते मात्र मुळातले. क्रिकेटच्या फलंदाजाला यष्टी राखायच्या असतात, म्हणून बॅट सरळ खाली येते. बेसबॉलमध्ये राखायला काही नसते, म्हणून ती आडवी फिरते. क्रिकेटपटू चोहीकडे खेळू शकतो, नुसता अडवूनही टिकू शकतो. बेसबॉलमध्ये तीन संधी संपल्या की परतीची वाट. त्यामुळे क्रिकेटपटू टप्पा पाहून पाय हलवतो, तर बेसबॉलपटूला पाय आधी टाकून निर्णय मागाहून घ्यावा लागतो. ट्वेन्टी-२० च्या जमान्यात मात्र सीमा पुसट होत आहेत. पाय रुंद रोवून, पुढचा पाय बाजूला घेऊन कमरेच्या फिरकीने चेंडू भिरकावण्याची जी रीत आज दिसते, तीत बेसबॉलच्या छटा आहेत. इंग्लंडचे ज्युलियन वुड यांच्यासारखे प्रशिक्षक ते उघडपणे मान्यही करतात.

कॅमेऱ्यांची साक्ष

प्रशिक्षकाच्या नजरेवर विसंबण्याचे दिवस आता सरत आहेत. क्रिकेटमध्ये पायचीतचा निवाडा करणारी हॉक-आय यंत्रणा २०२० पासून अमेरिकेतील प्रमुख लीगच्या मैदानांवर आली. २०२४ मध्ये प्रत्येक फलंदाजाच्या बॅटचा वेग जाहीर होऊ लागला. सरासरी वेग ताशी सुमारे ११६ किलोमीटर, तर जियानकार्लो स्टॅन्टनसारख्या धिप्पाड फलंदाजाचा ताशी १३० च्या घरात. २०२५ पासून फलंदाज चौकटीत कोठे उभा राहतो, पायांत अंतर किती ठेवतो, पवित्रा किती अंशांनी खुला वा बंद आहे, हेही कोणालाही पाहता येते. शंभर वर्षे ज्यावर केवळ मते होती, त्यावर आता मोजमाप आहे.

तंत्रज्ञानाने पवित्र्याचा एक जुना लाभ हिरावूनही घेतला आहे. नियमानुसार स्ट्राइक झोन ठरे तो फलंदाज फटक्यासाठी सज्ज असताना, त्याच्या खांद्यांपासून व कमरेपासून गुडघ्यापर्यंतच्या मापाने. जो अधिक वाके, त्याची चौकट लहान. रिकी हेंडरसन इतका खाली वाकत असे की पिचरला चेंडू टाकायला जागाच उरत नसे. त्याने २,१९० वेळा चेंडू न मारता पहिला बेस मिळवला. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रमुख लीगने २०२६ च्या हंगामापासून पंचांच्या निर्णयाविरुद्ध यंत्राकडे दाद मागण्याची पद्धत मंजूर केली. यंत्राची चौकट मात्र ताठ उभ्या फलंदाजाच्या उंचीवरून ठरते. वरची कड उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. सहा फूट उंचीच्या फलंदाजासाठी ही चौकट जमिनीपासून साधारण ४९ ते ९८ सेंटिमीटर. तो कितीही वाकला तरी यंत्र फसत नाही.

बदल कधी करावा?

शोहेई ओहतानी २०१८ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा हंगामपूर्व सरावसामन्यांत त्याची बॅट मुकी होती. ३२ प्रयत्नांत केवळ ४ हिट. जपानमध्ये तो पुढचा पाय उंच उचलत असे. येथील वेगाला तो पाय टेकेपर्यंत उशीर होत होता. हंगाम तोंडावर असताना त्याने पाय उचलणे सोडले आणि टाच किंचित वर करून पुन्हा टेकवण्यावर भागवले. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात त्याने लागोपाठच्या तीन सामन्यांत होमरन मारले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा किताब मिळवला.

बॉटिस्ताने पाय उंच उचलून जे मिळवले, ते ओहतानीने पाय न उचलून मिळवले. याचा अर्थ पायाची उंची हा प्रश्नच नव्हता. म्हणूनच ज्या मैदानावर, मग ते बेसबॉलचे असो वा क्रिकेटचे, एखादे मूल वेडेवाकडे उभे राहून चेंडू टोलवत असेल, तेथे प्रशिक्षकाने प्रथम त्याचे पाय सरळ करण्यास धावू नये. आधी इतकेच पाहावे की पाऊल टेकते तेव्हा त्याचा तोल सावरलेला आहे काय, हात मागे आहेत काय, डोळे स्थिर आहेत काय, आणि चेंडू येण्यापूर्वी हे सारे घडते आहे काय. चारही उत्तरे होकारार्थी असतील, तर उरलेला पवित्रा त्या मुलाची स्वतःची मालमत्ता आहे. ती हिरावून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. एखादे उत्तर नकारार्थी असेल, तर तो पवित्रा कितीही देखणा असला तरी बदलावाच लागेल.

२७ जुलै २०२५ रोजी इचिरो सुझुकीचा अमेरिकी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. निवडीसाठी झालेल्या ३९४ मतांपैकी ३९३ त्याच्या बाजूने पडली होती. बत्तीस वर्षांपूर्वी कोबेत त्याचा झुलणारा पाय पाहून माना हलवणारे काही कमी नव्हते. त्या झोक्याच्या शेवटी पाय कोठे आणि कधी टेकतो, इकडे लक्ष देणारे मात्र थोडे होते. त्या थोड्यांमुळेच एक थोर फलंदाज जगाला दिसला.